पाठीची ताकद आणि पाठीचा दम

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. आणि ज्यांना गिरण्यांनी पुन्हा आत घेतले नाही अशा हजारो माणसांत आमचे अण्णाही होते. घरी बसून भागणार नव्हते. ते मस्जिद बंदरच्या बाजूला गोदामातली पोती वाहू लागले. पोते शंभर किलोचे. दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलून द्यावयाचे, अण्णांनी ते पाठीवर घ्यावयाचे आणि फळीवरून चढत जाऊन ट्रकमध्ये टाकावयाचे. दिवसाकाठी अशी किती पोती होत, हे मी लहानपणी कधी विचारले नाही.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकत असे. लालबागच्या आमच्या चाळीत श्रावणात सत्यनारायण व्हायचा. अण्णा पहिल्या अध्यायाला मांडी घालून बसत, दुसऱ्या अध्यायाला हळूच भिंतीकडे सरकत आणि तिसऱ्याला उठून गॅलरीत जाऊन उभे राहत, दोन्ही हात कमरेवर. शंभर किलो पाठीवर घेणारा माणूस अर्धा तास ताठ बसू शकत नव्हता! मी एकदा विचारलेच, "अण्णा, पाठ दुखते म्हणता, मग पोतं कसं उचलता?" ते म्हणाले, "अरे, पोतं पाठीवर असताना दुखत नाही. पोतं नसलं की दुखतं."

हे उत्तर मला पुष्कळ वर्षे कोड्यासारखे वाटे. ते कोडे नव्हते. अण्णांच्या पाठीत ताकद होती, दम नव्हता. आज मी तुमच्याशी बोलणार आहे तो याच फरकाविषयी, आणि पाठीला दम कसा आणावा याविषयी. मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकविणारा मनुष्य आहे. पण चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना एप्रिल महिन्यात उत्तरपत्रिका तपासता तपासता माझी स्वतःची कंबर धरली, आणि तेव्हापासून या विषयाचे वाचन, विचारपूस आणि मुख्य म्हणजे रोजचा व्यायाम माझ्या वाट्याला आला. जे सांगतो ते त्या भांडवलावर.

ताकद आणि दम हे शब्द मी तालमीतून घेतले आहेत. लालबाग-परळच्या गल्ल्यांतून पूर्वी तालमी होत्या. पाळी सुटली की गिरणीतली पोरे तेथे जोर-बैठका मारीत, लाल मातीत उतरत. तेथला वस्ताद नव्या पोराकडे पाहून म्हणे, "अंगात ताकद आहे याच्या, पण दम नाही." म्हणजे काय? तर एका झटक्यात हा समोरच्याला उचलील. पण कुस्ती दहा मिनिटे चालली की ढिला पडेल. ताकद म्हणजे एका वेळी किती जोर लावता येतो ते. दम म्हणजे थोडासाच जोर, पण किती वेळ लावून धरता येतो ते. दोन्ही गोष्टी एकाच स्नायूच्या, पण एकीवरून दुसरी मिळतेच असे नाही.

आता पाठीकडे पाहू. आपल्या कमरेच्या भागात पाच मणके असतात, एकावर एक रचलेले. दोन मणक्यांच्या मध्ये एकेक मऊ गादी असते. ही रचना नुसती उभी करून ठेवली तर थोड्याशा भारानेही कोलमडून पडेल. तिला उभे धरतात ते स्नायू. शामियान्याचा खांब जसा चारी बाजूंच्या ताणलेल्या दोऱ्यांमुळे उभा राहतो, तसा कणा मागच्या, पुढच्या आणि दोन्ही कुशींच्या स्नायूंमुळे उभा राहतो. मागच्या बाजूला कण्याच्या डाव्या-उजव्या अंगाला दोन लांब, दोरखंडासारखे स्नायू आहेत. आरशात पाठ पाहिली तर मध्ये पन्हळ दिसते, तिच्या दोन्ही काठांना जे उंचवटे दिसतात तेच हे. आणि त्यांच्या खाली, खोल, एका मणक्यापासून वरच्या दोन-तीन मणक्यांपर्यंत जाणारे आखूड स्नायू आहेत. ते दिसत नाहीत, पण मणका जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम पुष्कळसे त्यांचे.

या स्नायूंचे काम कोणते ते लक्षात घ्या. दंडाचा स्नायू घागर उचलली की काम करतो, घागर ठेवली की सुटतो. पाठीच्या स्नायूला अशी सुटी थोडी. तुम्ही उभे आहात, बसला आहात, चालता आहात, भाकरी थापता आहात, तेव्हा तो थोडा थोडा ताणलेला असतोच. जोर फार नाही, पण वेळ फार. म्हणून निसर्गानेही या स्नायूंत हळू चालणारे आणि उशिरा थकणारे तंतू अधिक घातले आहेत. या स्नायूचा खरा धर्म दमाचा, आणि आपण कौतुक करतो ते ताकदीचे!

स्नायू थकतो म्हणजे काय होते? ओला पंचा मुठीत पिळून धरा. जोवर मूठ आवळलेली आहे तोवर त्यात नवे पाणी शिरत नाही. आवळलेल्या स्नायूतून रक्ताचेही असेच होते. रक्ताचा ओघ कमी पडतो, प्राणवायू कमी पोचतो, स्नायू दुखू लागतो आणि मग सैल पडतो. तो सैल पडला की त्याचा भार मणक्यांमधल्या गाद्यांवर आणि अस्थिबंधांवर जातो. अशा वेळी मोठे ओझेच लागते असे नाही. दिवसभर काम करून थकलेला माणूस संध्याकाळी खाली पडलेली पेन्सिल उचलायला वाकतो आणि तेथेच कंबर धरते. सगळे म्हणतात, पेन्सिलीने घात केला. घात दिवसभर चाललेला असतो. पेन्सिल निमित्ताची धनी.

अण्णांचेही असेच. पोते पाठीवर आले की सगळे स्नायू एकदम आवळत आणि दोन मिनिटांत सुटत. पण साच्यावर आठ-आठ तास पुढे झुकून तुटलेले धागे सांधण्यात जी वर्षे गेली, त्यांनी दम खाऊन टाकलेला. मांडी घालून ताठ बसणे हे दमाचे काम, ते त्यांना झेपत नसे.

पाठीच्या दमाची मोजणी करता येते, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. डेन्मार्क देशात फिन बीरिंग-सोरेन्सन नावाच्या डॉक्टरांनी ४४९ पुरुष आणि ४७९ स्त्रिया तपासल्या आणि वर्षभराने त्यांची पुन्हा चौकशी केली. १९८४ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांची एक परीक्षा अगदी साधी होती. माणसाला टेबलावर पालथे निजवायचे. पाय आणि कंबर पट्ट्यांनी टेबलाला बांधायची. कमरेवरचे धड टेबलाच्या कडेबाहेर, अधांतरी. हात छातीवर घेऊन ते धड जमिनीला समांतर धरून ठेवायचे आणि घड्याळ लावायचे. जास्तीत जास्त २४० सेकंद. ज्या पुरुषांना पूर्वी कधी कंबरदुखी नव्हती, त्यांपैकी ज्यांनी हे धड जास्त वेळ धरून ठेवले त्यांना पुढच्या वर्षी कंबरदुखी होण्याचा संभव कमी दिसला. ताकदीच्या मोजमापावरून असे भाकीत करता आले नाही. पुढे इतरांनी केलेल्या सर्वच पाहण्यांत एकसारखे उत्तर आले असे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. पण दमाकडे जगाचे लक्ष वळले ते यामुळे. आणखी एक मौजेची गोष्ट: या परीक्षेत पुष्कळ ठिकाणी बायका पुरुषांपेक्षा जास्त वेळ टिकलेल्या आढळल्या आहेत. आपल्याकडच्या बायकांना हे सांगायला डेन्मार्कला जाण्याची गरज नव्हती म्हणा.

ही परीक्षा घरी करून पाहू नका. ज्याची कंबर आधीच दुखते आहे त्याने तर नाहीच नाही.

मला या परीक्षेचे वर्णन वाचताना दादरच्या शिवाजी पार्कची आठवण झाली. तेथे श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. १९२५ साली काळे गुरुजींनी ते सुरू केले. संध्याकाळी तेथे गेलात तर लहान लहान मुले-मुली मल्लखांबावर दिसतील. एखादी दहा वर्षांची पोर खांबाला मांड्यांनी पकड घालते आणि हात सोडून धड हवेत आडवे धरते. सोरेन्सनसाहेबांची परीक्षाच ती, फक्त टेबलाऐवजी खांब! मल्लखांब हा पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी पुढे आणला असे मानतात. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, वेल अशी त्याच्या उड्यांची आणि पकडींची नावे आहेत. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने आपले देशी व्यायाम युरोपला दाखविले. फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच शिवाजी पार्कवर भरली, आणि तेथले प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. मी हे अभिमानापोटी सांगतो हे खरे. पण माझा मुद्दा वेगळा आहे. मल्लखांबात नुसती उडी नसते. प्रत्येक पकडीवर थांबावे लागते. त्या थांबण्यात पाठीचा, पोटाचा आणि कुशींचा दम वाढतो. आपल्या जुन्या व्यायामांतला हा थांबण्याचा भाग आपण विसरलो आणि मोजण्याचा भाग तेवढा धरून ठेवला. शंभर जोर, दोनशे बैठका. आकडा ऐकायला बरा वाटतो.

आसनांमध्येही तीच दृष्टी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगासनांनी शरीरात नेमके काय घडते ते उपकरणे लावून तपासण्यास आरंभ केला. त्यांच्या संस्थेचे केंद्र पुढे मुंबईत, गिरगाव चौपाटीजवळ समुद्राकाठीही निघाले. आसन म्हणजे स्थिर राहणे. परंतु पाठीच्या बाबतीत एक गल्लत सर्रास होते, ती शिक्षक मंडळींनी जरूर ध्यानात घ्यावी. शाळेत भुजंगासन शिकविताना मुले दोन्ही तळहात जमिनीवर जोराने रेटतात आणि मान मागे टाकून छाती उंच करतात. दिसायला फणा छान दिसतो. पण त्यात काम करतात ते हात. पाठ नुसती दुमडली जाते. पाठीला दम आणायचा असेल तर हातांचा भार काढून घ्या. छाती चारच बोटे वर उठेल, पण तेवढी पाठीच्या बळावर उठेल. अर्धशलभासनात, म्हणजे पालथे निजून एक पाय सरळ ठेवून थोडा उचलण्यात, पाठीचा खालचा भाग असाच काम करतो. दोन्ही पाय एकदम उचलण्याची घाई नवशिक्याने करू नये.

शेतावर राबणाऱ्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट अधिक विस्ताराने सांगतो. भातलावणीच्या दिवसांत बायका-पुरुष सकाळपासून चिखलात वाकलेले असतात. पूर्ण वाकल्यावर पाठीचे स्नायू फार काम करीत असतील असे आपल्याला वाटते. १९५५ साली फ्लॉइड आणि सिल्व्हर या दोन शास्त्रज्ञांनी पाठीवर विजेचे सूक्ष्म प्रवाह टिपणारी यंत्रे लावून पाहिले, तेव्हा उलटेच दिसले. माणूस वाकू लागतो तेव्हा स्नायू जोराने काम करतात. पण तो पुरता वाकला की ते गप्प होतात! मग भार कोण घेते? मागचे अस्थिबंध आणि गाद्या घेतात. स्नायू थकला तर आपल्याला कळते, तो दुखतो, ओरडतो. अस्थिबंध मात्र मुकाट्याने ताणला जातो. दोन तास असे वाकून राहिल्यावर माणूस एकदम सरळ उभा राहतो आणि डोक्यावर रोपांची पाटी घेतो. तोच क्षण धोक्याचा. म्हणून लावणीत असो, निंदणीत असो, दर वीस-पंचवीस मिनिटांनी एकदा उभे राहा, दोन्ही हात कमरेच्या मागे ठेवा, हळूच मागे झुका, चार पावले चाला आणि मग पुन्हा वाका. मुकादमाला वाटेल चुकारपणा चालला आहे. त्याला हे भाषण वाचायला द्या.

सकाळच्या वेळेचेही असेच आहे. रात्रभर आडवे झाल्यामुळे मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी माणसाची उंची संध्याकाळपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्त भरते. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण अधिक पडतो. अमेरिकेत स्नूक नावाच्या संशोधकाने १९९८ साली दाखविले की, जुनी कंबरदुखी असलेल्यांनी सकाळचे पहिले काही तास वाकणे टाळले तर दुखणे कमी होते. आपल्या घरातली बाई उठल्याबरोबर काय करते? वाकून केर काढते, वाकून शेण भरते, वाकून सडा घालते. ही सर्व कामे उठल्यावर लगेच न करता आधी उभ्याची कामे करावी, केरसुणीला लांब दांडा बांधावा. दांड्याला दमडी पडत नाही. घरातल्या पुरुषांनी केर काढायला घेतला तरीही चालेल.

आता प्रत्यक्ष व्यायाम. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी पाठीच्या दमावर पुष्कळ काम केले आहे. त्यांचा आग्रह असा की, पाठीचा व्यायाम थोडा वेळ धरून ठेवावा, दहा सेकंदांच्या वर नेऊ नये, आणि दम वाढवावयाचा तो धरण्याची वेळ लांबवून नव्हे, तर खेपा वाढवून. याचे कारण मघाच्या ओल्या पंचात आहे. दर दहा सेकंदांनी मूठ सोडली की रक्त पुन्हा खेळते. मला परळच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी जो क्रम शिकविला तो याच धर्तीचा होता. तोच सांगतो. जमिनीवर घोंगडी किंवा सतरंजी अंथरावी. खाटेवर किंवा गादीवर करू नये.

आरंभी रांगत्या मुलासारखे हात-गुडघ्यांवर यावे. हात खांद्यांच्या खाली, गुडघे कमरेच्या खाली, पाठ सपाट. पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवला आहे आणि तो सांडता कामा नये, असे समजावे. आता उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे, दोन्ही जमिनीला समांतर होईपर्यंत सावकाश लांब करावे. मनात दहा अंक मोजावे. श्वास कोंडू नये. मोठ्याने अंक म्हटले की श्वास आपोआप चालू राहतो. खाली आणावे, आणि मग दुसरी बाजू. पाय फार उंच उचलण्याचा हव्यास नको. पाय उंच गेला की कंबर खोलगट होते आणि तांब्या सांडतो. ज्याला हात-पाय दोन्ही जमत नाहीत त्याने आठवडाभर नुसता पाय लांब करावा.

यात खेपांची उतरती भाजणी ठेवावी. प्रथम प्रत्येक बाजूला पाच खेपा, मग अर्धा मिनिट विसावा, मग तीन, पुन्हा विसावा, मग दोन. थकवा वाढत जातो तसे काम कमी होत जाते, आणि शेवटची खेपही नीटनेटकी होते. पाठीच्या व्यायामात वेडीवाकडी खेप करण्यापेक्षा न केलेली बरी.

दुसरा व्यायाम कुशीचा. उजव्या कुशीवर निजावे, गुडघे दुमडलेले, उजवे कोपर खांद्याखाली. आता कोपर आणि गुडघा यांच्या आधाराने कंबर जमिनीवरून उचलावी, म्हणजे खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ रेघ होईल. दहा अंक. मग दुसरी कूस. हा व्यायाम सोपा वाटतो आणि पहिल्याच दिवशी माणसाला नम्र करतो. शामियान्याच्या बाजूच्या दोऱ्या त्या याच.

तिसरा पालथा. पोटाखाली घडी केलेली चादर घ्यावी, हात अंगालगत, तळवे वर. हनुवटी किंचित आत घेऊन डोके व छाती चार बोटे उचलावी, दहा अंक मोजून खाली ठेवावी. नजर जमिनीकडेच असावी, समोरच्या भिंतीकडे नव्हे. पाय जमिनीला टेकलेले. हा व्यायाम मी पहिले तीन आठवडे केला नाही, कारण मला तो सोसत नव्हता. पहिले दोन अंगवळणी पडल्यावर सोसू लागला. तुम्हीही तसेच करा.

उताणे निजून गुडघे उभे करून कंबर उचलणे, ज्याला सेतुबंध म्हणतात, हे चौथे. त्यात नितंबांचे स्नायू काम करतात. उचलण्या-वाकण्याच्या कामात ते आळशी असले की त्यांचा वाटा पाठीला करावा लागतो. बैठका याच कारणासाठी उपयोगी आहेत. ज्याच्या मांड्यांत दम आहे तो ओझे उचलताना गुडघ्यांत वाकतो. ज्याच्या मांड्या थकल्या तो कमरेत वाकतो.

सूर्यनमस्काराचे काय, असे पुष्कळ जण विचारतात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांतून सूर्यनमस्कार रुजविले, आणि ज्याची पाठ निरोगी आहे त्याला इतका सर्वांगाचा व स्वस्त व्यायाम दुसरा सापडणार नाही. पण ज्याच्या कमरेतून कळ पायात उतरते त्याने ओणवे होऊन गुडघ्याला कपाळ लावण्याच्या भरीस पडू नये. दुखणे पुरते थांबेपर्यंत वरचे व्यायाम पुरेत. तसेच, अमुकच व्यायाम सर्वांत श्रेष्ठ असे सिद्ध झालेले नाही. जो व्यायाम माणूस सहा महिने सोडीत नाही तो उपयोगी पडतो, इतकेच खात्रीने सांगता येते. मी रोज बारा मिनिटे देतो, आंघोळीच्या आधी नव्हे तर संध्याकाळी, कारण सकाळचा गाद्यांचा मामला मघाशी सांगितलाच. फरक जाणवायला मला सात आठवडे लागले. पहिले तीन आठवडे तर काहीच जाणवले नाही, आणि तेथेच बहुतेक लोक सोडून देतात.

अण्णांच्या काळी कंबर धरली की डॉक्टर सांगत, पंधरा दिवस फळीवर निजून राहा. अण्णांनाही एका डॉक्टरांनी तसेच सांगितले होते, शिवाय एक चामडी पट्टा दिला होता. ते पंधरा दिवस घरात मजुरी आली नाही. वाण्याची वही तेवढी भरली. आणि निजून निजून पाठ आणखी दुबळी झाली. १९८६ साली अमेरिकेत डेयो यांनी दोनशेवर रुग्णांची तुलना केली. दोन दिवस विश्रांती घेणारे आणि सात दिवस घेणारे यांच्या बरे होण्यात फरक दिसला नाही. दोन दिवसवाले कामावर मात्र लवकर गेले. आता बहुतेक ठिकाणी सल्ला देतात तो असा की, झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहा.

पण दुखणे थांबले म्हणजे पाठ पूर्ववत झाली, असेही नाही. ऑस्ट्रेलियात जुली हाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथमच कंबर धरलेले रुग्ण तपासले. ते मघाचे खोल, आखूड स्नायू दुखऱ्या बाजूला बारीक झालेले आढळले. आणि दुखणे गेल्यावरही ते आपोआप भरून आले नाहीत. त्या स्नायूंचा खास व्यायाम ज्यांना दिला त्यांच्यापैकी वर्षभरात शेकडा ३० लोकांना पुन्हा दुखणे आले; ज्यांना दिला नव्हता त्यांच्यात शेकडा ८४. रुग्ण थोडे होते, चाळीसच्या आतले, म्हणून हा आकडा डोळे मिटून घेऊ नये. तरीपण एकदा कंबर धरलेल्या माणसाची ती पुन्हा पुन्हा का धरते, याचा उलगडा त्यातून होतो. अण्णांची दर पावसाळ्यात धरत असे. आम्ही ते हवेवर ढकलीत होतो.

एक गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट सांगतो. व्यायाम हा जादा ओझ्याचा परवाना नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली शिफारस केली की, एका प्रौढ पुरुषाने वाहावयाचे ओझे ५५ किलोंपेक्षा जास्त असेल तेथे ते शक्य तितक्या लवकर त्या मर्यादेत आणावे. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला आणि ओझी वाहणाऱ्या माणसाला मंडळ, मजुरीची हमी, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. शंभर किलोचे पोते पुढे पन्नासवर आले ते पाठी बळकट झाल्या म्हणून नव्हे, तर माणसांनी मागणी लावून धरली म्हणून. तोही एक प्रकारचा दमच. शाळेतल्या मुलांच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या एक दशांशापेक्षा जास्त असू नये, असे केंद्र सरकारचे २०२० चे धोरण सांगते. गुरुजींनी वर्गात एखादा तराजू ठेवून पाहावा.

शिक्षकांचे स्वतःचे दुखणे उभे राहण्याचे. तासभर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहण्याऐवजी टेबलाखाली एक वीट ठेवावी आणि आलटून पालटून एकेक पाय तिच्यावर टेकवावा. फळ्याच्या अगदी तळाशी लिहावयाचे झाले तर कमरेत न वाकता एक गुडघा टेकावा. मुले हसतील, दुसऱ्या दिवशी हसणार नाहीत.

शेवटी, व्यायाम केव्हा करू नये ते. दुखणे गुडघ्याखाली पायात उतरत असेल आणि पावलाला मुंग्या येत असतील, पाऊल उचलताना चप्पल निसटत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी कोंडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जावे. पडल्यावर सुरू झालेले दुखणे, म्हाताऱ्या माणसाला एकाएकी आलेली उबळ, रात्री झोपेतून उठविणारे दुखणे यांनाही थांबवून ठेवू नये. कंबरदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप आणि वजन घटणे असेल तर कण्याचा क्षय आहे का ते तपासून घ्यावे. हा रोग आपल्याकडे अजून आहे, औषधाने बरा होतो, आणि चोळणे-मळणे करीत बसले तर मणका खचवतो. बाकी साध्या कंबरदुखीसाठी फिजिओथेरपीचा सल्ला आता जिल्ह्याच्या रुग्णालयांतूनही मिळू शकतो. ही विद्या आपल्या देशात प्रथम रीतसर शिकविली गेली ती परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. आणि तिची बहीण जी व्यवसायोपचार, तिची शाळा त्याच ठिकाणी कमला निंबकर यांनी १९५० साली उघडली होती. आमच्या चाळीपासून चालत वीस मिनिटांची ती वाट. अण्णा तिकडे प्रथम गेले तेव्हा त्यांचे वय बासष्ट होते. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत आणि संध्याकाळी गॅलरीत सतरंजी टाकून हात-गुडघ्यांवर येतात, तेव्हा दहा अंक इतक्या मोठ्याने मोजतात की खालच्या मजल्यावरची मुलेही त्यांच्याबरोबर मोजू लागतात. तिसऱ्या खेपेला हात अजून थरथरतो, म्हणून बाईंनी त्यांना दोनच खेपा सांगितल्या आहेत.